पैला हाक, मग बघतो

शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९७५. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी अक्कलकोट रस्त्यावर, नाक्यावरच्या गॅरेजपासून अडीच किलोमीटरवर, माझे नवे इंजिन जाम झाले. आधी टकटक आली, मग धूर आला, मग मागच्या चाकांनी डांबरावर दोन काळ्या रेघा ओढल्या आणि मी थांबले. इंजिनात तेलाचा थेंब नव्हता. मला चालवत होता रामहरी. त्याच्या शेजारी बसले होते माझे मालक चनबसप्पा. त्यांची सोलापुरात तेलाची गिरणी आहे.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. हकिकत सांगते आहे ती तुम्हाला माझी कीव यावी म्हणून नाही. मला राग आला आहे. महिना होऊन गेला तरी तो उतरलेला नाही. तो कोणावर किती आहे, हे तुम्ही सगळे ऐकून मगच ठरवा.

माझी जोडणी १९५१ साली लष्करासाठी झाली. रंग हिरवा, इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडरचे. बारा वर्षे मी नदीच्या पात्रातून, खडकांवरून, रस्ता नसेल तिथून गेले. १९६३ साली लष्कराने मला खडकीच्या लिलावात काढले. तिथून चनबसप्पांनी मला सोलापूरला आणले, निळा रंग दिला आणि करडई गोळा करायच्या कामाला लावले. अक्कलकोट, दुधनी, मैंदर्गी हा माझा मुलूख झाला. काळ्या रानात बैलगाडी रुतते तिथून मी पोत्यांसकट वर यायचे.

पुढच्या वर्षी रामहरी आला. तो माढा तालुक्यातला, तीस वर्षांचा, कमी बोलणारा माणूस. त्याला आणि त्याच्या बायकोला, वच्छलाला, मालकांनी गिरणीमागची एक खोली दिली. रामहरीची एक पद्धत होती. सकाळी किल्ली लावण्याआधी तो बॉनेट उघडायचा, इंजिनातली तेलाची पट्टी ओढायचा, तळहातावर पुसायचा, पुन्हा बुडवून बघायचा आणि मगच गाडी सुरू करायचा. अकरा वर्षांत एकही सकाळ याशिवाय गेली नाही. बहात्तरच्या दुष्काळात करडई पिकली नाही, गिरणी चार महिने बंद होती आणि मी कामगारांच्या वस्तीला पाण्याची पिंपे पोचवत होते, तेव्हासुद्धा नाही. मालक पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या रामहरीला गाडी शिंकायच्या आधी कळतं." हे वाक्य मी किमान वीस वेळा ऐकले आहे. ते लक्षात ठेवा.

मग पेट्रोल महागले. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट सुरू झाली, की जीपमधले पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवायचे. माझ्या इंजिनाला काहीही झालेले नव्हते. हे मी स्पष्ट सांगते, कारण पुढे मालकांनी लोकांना "जुनं झालं होतं" असे सांगितले. ते खोटे आहे. जानेवारीत, सोलापूरची गड्ड्याची जत्रा आटोपत आली असताना, त्यांनी उलटलेल्या एका टेम्पोचे डिझेल इंजिन विकत घेतले आणि मला अक्कलकोट नाक्यावर शिवशरण मिस्त्रींच्या गॅरेजात उभे केले.

रामहरी एवढेच म्हणाला, "मालक, हिचं इंजिन अजून धा वर्सं मरत न्हाई."

"मरायची वाट बघत बसू का मी?" मालक म्हणाले. विषय तिथे संपला.

सोमवारी, २७ जानेवारीला, साखळदंड लावून माझे इंजिन वर उचलले गेले. चोवीस वर्षे ते माझ्या पोटात होते. ते जमिनीवर ठेवले तेव्हा त्यातून तेल ठिबकत होते, स्वच्छ तेल, रामहरीने महिन्यापूर्वीच बदललेले. दुसऱ्या दिवशी ते मंगळवार बाजारात गेले. कोणी घेतले, मला माहीत नाही.

टेम्पोचे इंजिन माझ्या जुन्या इंजिनापेक्षा बोजड होते. ते बसावे म्हणून माझ्या चेसीवर गॅस कटर चालवला, जुने आधार कापले, नवे जोडले. रेडिएटर चार बोटे पुढे सरकवला. पुढच्या स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवला, तरी मी नाकावर झुकले. समोरच्या फळीवर तेलाचा दाब दाखवणारा काटा होता. त्याची नळी नव्या इंजिनाला लागेना. मिस्त्रींनी काटा काढला आणि तिथे भोक राहिले. अठरा दिवस हे चालले. मिस्त्रींच्या कामात मात्र खोट नव्हती. त्यांनी प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला. मी रागावले आहे म्हणून त्यांचे चांगले काम नाकारणार नाही.

शिवशरण मिस्त्री अक्कलकोटकडचे. घरची भाषा कानडी. तीस वर्षे सोलापुरात काढून त्यांनी एक मराठी तयार केली होती, तिच्यात अर्धे शब्द इकडचे आणि अर्धे तिकडचे. गॅरेजातल्यांना ती अंगवळणी पडली होती. रामहरीला नव्हती. तो माझी सगळी दुरुस्ती स्वतःच करायचा, त्यामुळे या गॅरेजात त्याचे पाऊल कधी पडले नव्हते. म्हणून मिस्त्रींचा एक रिवाजही त्याला ठाऊक नव्हता. इथे नव्या इंजिनात पहिले तेल मिस्त्री ओतत नसत. ते त्या गाडीच्या ड्रायव्हरनेच ओतायचे. मिस्त्रींचे म्हणणे असे, की ज्याच्या हातचे पहिले खाणे, त्याचा हात इंजिन ओळखते.

आता चौदा तारखेची सकाळ. दुधनीला करडईचा सौदा ठरला होता. मालक साडेनऊलाच येऊन माझ्या सीटवर बसले होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. डिझेल भरलेले होते, पाणी भरलेले होते. मिस्त्री शेजारच्या ट्रकखाली आडवे झाले होते. बाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते.

रामहरीने विचारले, "मिस्त्री, आता काय ऱ्हायलं?"

ट्रकखालून आवाज आला, "काय न्हाई. पैला हाक, मग बघतो मी येऊन."

"आत्ताच?"

"आत्ताच की. हाक, हाक."

माझे दिवे, म्हणजे माझे डोळे, खालच्या बाजूला आहेत. ट्रकखाली मिस्त्रींचा हात मला दिसत होता. त्या हातातला पाना चाकाजवळच्या तेलाच्या डब्याकडे रोखलेला होता. रामहरीला तो दिसत नव्हता. मला दिसत होता, पण अर्थ लागला नाही.

रामहरीचा हात सवयीने बॉनेटकडे गेला. नव्या इंजिनाची पट्टी कोणत्या बाजूला आहे, तेही त्याला माहीत नव्हते. त्याने एक कडी उघडली.

"आता काय पूजा घालतोस का तिची?" मालक म्हणाले. "मिस्त्री हाक म्हणतोय न्हवं? चल की. बाजार उठल्यावर जाऊन काय भुसा गोळा करायचा?"

रामहरीने कडी परत लावली. अकरा वर्षांत पहिल्यांदा पट्टी न बघता त्याने किल्ली फिरवली. ही त्याची चूक. मी ती लपवणार नाही.

पुढचे तुम्हाला माहीत आहे.

अकरा वाजता एका ट्रकने मला दोर बांधून गॅरेजात आणले. मिस्त्रींनी इंजिनाखालची बुची काढली. खाली काही पडले नाही. त्यांनी चाकाजवळचा डबा उचलून बघितला. तो काठोकाठ भरलेला होता.

"तेल कुटं हाय यात? आं? डबा हितं तसाच हाय की रं."

"मला काय ठावं," रामहरी म्हणाला. "तुमीच म्हनला, हाक."

"म्हनलो की. चार मानसांफुडं म्हनलो, हाक."

"मग हाकली."

"काय हाकली? हाकला असतास तर इंजिन जळलं असतं व्हय?"

"मिस्त्री, हाकली म्हनून तर जळलं."

गॅरेजातली माणसे हसली. मिस्त्रींचा चेहरा काळवंडला. "तीस वर्सं झाली मला हितं. तू माजी मस्करी करतो?"

दोघेही एकच शब्द बोलत होते आणि दोघेही खरे बोलत होते. मला काही कळेना. लष्करात मी हिंदी ऐकली, सोलापुरात मराठी. मालकांचे कानडी सौदे नेहमी माझ्यापासून लांब, आडतीच्या ओट्यावर व्हायचे.

तेव्हा मालक पुढे झाले. त्यांना दोन्ही भाषा घरच्यासारख्या येतात. त्यांनी मिस्त्रींना कानडीत एकच प्रश्न विचारला. मिस्त्रींनी दोन शब्दांत उत्तर दिले. मालकांच्या कपाळावर आठी पडली, मग ती गेली, आणि त्यांनी त्या भरलेल्या डब्याकडे बघितले. मी हे समोरून, तीन फुटांवरून पाहिले आहे.

मग ते रामहरीकडे वळून म्हणाले, "पट्टी बघायचं काम ड्रायव्हरचं. उद्यापासून येऊ नकोस. खोली या महिन्यात मोकळी कर."

"मालक, तुमीच चल म्हनला की."

"मी तेलाशिवाय चल म्हणालो का?"

रामहरीने किल्ली माझ्या सीटवर ठेवली. हातात दिली नाही, सीटवर ठेवली. आणि तो चालत गेला.

त्यानंतर तेरा दिवस मी पोट उघडे टाकून गॅरेजाच्या मागे उभी होते. या काळात रामहरीला नवे नाव पडले. ते मला येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवाल्यांकडून कळले. बिनतेल्या. जीप स्टँडवर, आडतीत, चहाच्या गाड्यावर, सगळीकडे तेच. कुठला ड्रायव्हर चुकला की म्हणायचे, "काय रं, बिनतेल्याच्या हाताखाली शिकला का?" ज्याने अकरा वर्षे रोज सकाळी तेल बघितले, त्याचे हे नाव. मी लोखंडाची असूनही ते मला लागले.

गुरुवारी, २७ फेब्रुवारीला दुपारी वच्छला गॅरेजात आली. मिस्त्रींची बायको गंगम्मा नुकतीच भाकरी घेऊन आली होती आणि डबा सोडत होती.

"आमच्या कारभाऱ्याची पत्र्याची पेटी सीटखाली हाय," वच्छला म्हणाली. "पाने त्यांचं सोताचं हायती."

"घिऊन जा की बाई. कोन अडीवलंय?"

"अडीवलं न्हाई, पर नाव घालीवलं." तिने पेटी ओढून काढली, पण स्वतः तिथून हलली नाही. "टेंभुर्णीला आबासाहेबांच्या ट्रकवर जागा हाय. ह्ये गेलं तर तितं बी समदी म्हनली, बिनतेल्या आला. आबासाहेब म्हनलं, जुन्या मालकाची चिठ्ठी आन, चूक तुजी नव्हती अशी. चिठ्ठी आली की चावी देतो. कोन देनार चिठ्ठी?"

मिस्त्रींनी हातातला पाना पुसायला घेतला.

"एकच सांगा. तुमी त्यांस्नी हाक म्हनला का न्हाई?"

"कितीदा सांगू? म्हनलो. तुज्या नवऱ्यानं हाकलं न्हाई."

"हाकलं न्हाई? मग गाडी अक्कलकोटच्या वाटंला काय ढकलत नेली त्यांनी?"

गंगम्माचा हात भाकरीवर थांबला. तिने नवऱ्याला कानडीत काहीतरी विचारले. त्यांनी तेच दोन शब्द सांगितले. तिने कपाळाला हात लावला आणि धाकट्या बहिणीला विचारावे तशी वच्छलाकडे वळली.

"तंगी, हाक म्हंजे तुमच्यात काय गं?"

"हाक म्हंजे हाक. चालीव. बैल हाकत्यात, गाडी हाकत्यात."

"आमच्यात हाकू म्हंजे घाल. एण्णी हाक, म्हंजे तेल घाल. ह्यो मानूस म्हनला, पैला घाल. तुज्या मानसानं ऐकलं, पैला चालीव." मग ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तीस वर्सं सोलापुरात ऱ्हाऊन ह्ये मराठी तुमचं. घरात बी असंच बोलता, म्हनून मला रोज दोनदा इचारावं लागतं."

कोणी हसले नाही. मिस्त्री बाजूच्या टायरवर बसले. त्यांच्या हातातला पाना खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

"म्हंजे एका शब्दापायी आमचं बिऱ्हाड उठलं," वच्छला म्हणाली.

"चूक माजी बी हाय, बाई."

"माज्याफुडं म्हनून काय उपेग, मिस्त्री? मला ठावंच हुतं त्यांची न्हाई ते. मालकाच्या तोंडून म्हनवा. कागदावर म्हनवा."

तेवढ्यात गंगम्मा हळू आवाजात म्हणाली, "पर चनबसप्पाअण्णा हुते की तितं. त्यांस्नी तर दोनी येत्यात."

मित्रांनो, तेव्हा मला ती आठी आठवली. तो एक प्रश्न आठवला. मालकांना त्याच दिवशी, अकरा वाजता, सगळे कळले होते. सकाळी ट्रकखालून आवाज आला तेव्हा तिथे दोन्ही भाषा येणारा एकच माणूस हजर होता, आणि बाजाराच्या घाईत त्याने सोयीची भाषा ऐकली. ही चूक माणसाकडून होते. ती मी सोडून दिली असती. पण तासाभराने उलगडा झाल्यावर त्याने तो गिळला आणि दुसऱ्याच्या नावावर काळे फासले, ही चूक नाही. तिला काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा. माझ्या रागाचा थोडा वाटा रामहरीच्या न ओढलेल्या पट्टीसाठी आहे. थोडा मिस्त्रींच्या अर्ध्या शब्दासाठी आहे. बाकीचा सगळा त्या गप्प बसण्यासाठी आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गिरणीत जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी गंगम्माला जे सांगितले ते मी ऐकले.

"म्हनले, शिवशरण, झालं ते झालं. तू इंजिन नीट कर. बाकी ऱ्हाऊ दे."

"चिठ्ठीचं?"

"म्हनले, मी चिठ्ठी दिली तर लोक इचारनार, मग सीटवर कोन बसलं हुतं."

"खरंच इचारतील की."

"त्येच की."

मिस्त्रींनी इंजिन पुन्हा उतरवले. क्रँक घासून आणला, नवे बेअरिंग घातले, पिस्टन बदलले. ते आता कोणालाही "हाक" म्हणत नाहीत. बोल्ट "बसव" म्हणतात, तेल "घाल" म्हणतात, ब्रेक "लाव" म्हणतात. शब्द सापडत नाही तेव्हा थांबतात, आणि समोरच्याला "काय समजलं, सांग" असे विचारतात. गॅरेजातली माणसे सुरुवातीला कंटाळली, आता त्यांनाही सवय झाली आहे.

मुलांनो, माझे तुमच्याकडे मागणे आहे. यंत्र तुमच्या हाती आले तर कितीही घाई असो, कितीही मोठा माणूस शेजारी बसून ओरडत असो, आधी उघडून बघा. सांगणाऱ्याने काय सांगितले, ते त्याला परत विचारा. त्यात कमीपणा नाही. पण हे मागणे मोठ्यांकडे अधिक आहे. तेल नसलेले इंजिन मिस्त्री पुन्हा उभे करू शकतो, मी त्याचा पुरावा आहे. माणसाचे नाव मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाही. ते ज्याने मोडले त्यालाच जोडावे लागते.

आज सोमवार, १७ मार्च. सकाळी साडेअकराला मालक नव्या ड्रायव्हरला घेऊन आले. त्याचे नाव बिरदेव. मंगळवेढ्याकडचा आहे. चांगला माणूस दिसतो. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून स्प्रिंगा बघितल्या आणि सहज विचारले, "मिस्त्री, आदीचा डायवर बिनतेलाची घिऊन गेला म्हनं. यडा हुता का प्यालेला?"

मिस्त्रींनी हात पुसले. ते गॅरेजात गेले आणि एक पोस्टकार्ड घेऊन बाहेर आले. त्यावर पत्ता आधीच लिहिलेला होता, पोस्टातल्या कारकुनाच्या अक्षरात: आबासाहेबांचे नाव, मुक्काम पोस्ट टेंभुर्णी, तालुका माढा. मिस्त्रींना मराठी लिहिता येत नाही. ते कार्ड त्यांनी मालकांपुढे धरले.

"मालक, ह्यो इचारतोय ते तुमी सांगा. तुमास्नी दोनी भाषा येत्यात. आन सांगाल तेच ह्याच्यावर लिवा. त्याबिगर ही गाडी हितनं हालत न्हाई."

"शिवशरण, गाडी माझी आहे."

"गाडी तुमचीच हाय. किल्ली माज्या खिशात हाय."

बिरदेव एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघतो आहे. मालकांनी कार्ड घेतले आहे. त्यांनी पत्ता वाचला आणि कार्ड उलटे केले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला पेन आहे. आता बारा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. कार्डाची मजकुराची बाजू कोरी आहे.